शैलजाबाईंची उठबस

शैलजाबाई नेरकरांनी आयुष्यात पुष्कळ निर्णय घेतले होते आणि त्यांतला एकही कधी मागे घेतला नव्हता. त्यामुळे सुरतेजवळ, चलथाण रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात एका सकाळी, उपम्यातल्या गुठळ्या बाजूला सारता सारता, "आजपासून उठबस वाढवायची" असे त्यांनी ठरवले, तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना कोणालाच आली नाही. (उपमा मात्र तेवढ्यापुरता त्यांच्या टीकेतून सुटला.)

निर्णयाला कारण होते. आश्रमात एक नियम असा होता की, ज्याला हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता येत नाही, त्याने वरच्या मजल्यावर राहायचे नाही. त्याची रवानगी तळमजल्यावरच्या सेवा विभागात व्हायची. खाली सेवेला तोटा नव्हता. अंघोळ घालायला बाई येत असे, भात कालवून भरवला जात असे आणि भरवताना "चालो बा, डाह्या थई जाओ" अशी लाडीगोडीही लावली जात असे. न्हाणीघराला आतून कडी नव्हती. लिंबायतकडच्या मराठी शाळेत ज्यांच्या चपलांचा आवाज ऐकून अख्खा वर्ग डाह्या, म्हणजे शहाणा, होत असे, त्या शैलजाबाईंना हे ऐश्वर्य नको होते. त्यांना वरची खोली हवी होती, खिडकी हवी होती आणि कडी तर हवीच हवी होती.

ध्रुवी नावाची एक तरुण फिजिओथेरपिस्ट दर आठवड्याला आश्रमात येत असे. तिने शैलजाबाईंना हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायला सांगितले. शैलजाबाई पुढे झुकल्या, लाल झाल्या, पण उठल्या नाहीत. खुर्ची सदोष आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मग तिने मूठ आवळण्याचे यंत्र हातात दिले. त्याचा काटाही जागचा हलेना, तेव्हा तोही अडकलेला निघाला. आश्रमाचे व्यवस्थापक भूपेंद्रभाई शेजारीच उभे होते. खुर्ची "बराबर छे" असे सांगून त्यांनी पुढच्या टेस्टपर्यंतची मुदत दिली आणि ते तळमजल्यावरचा रिकामा पलंग पाहायला निघून गेले.

ध्रुवीने मग समजावून सांगितले की, वय वाढते तसे स्नायू झिजतात, बसून राहिले तर अधिकच झिजतात आणि मांड्यांतले बळ गेले की माणूस खुर्चीचा होऊन जातो. हे सारे ती शुद्ध मराठीत सांगण्याची शर्थ करत होती. कारण गुजराती-हिंदीच्या खिचडीत दिलेला वैद्यकीय सल्ला आपण मानत नाही, असे शैलजाबाईंनी तिला पहिल्याच भेटीत बजावले होते. सुरतेत सारा जन्म गेल्यामुळे त्यांना गुजराती उत्तम येत होते, हा भाग निराळा.

तोंडाशी आलेला गुजराती शब्द ध्रुवीने मनातल्या मनात मराठी करून घेतला आणि ती म्हणाली, "बाई, तुमचा उठबस वाढवा."

"तुमचा नव्हे, तुमची. उठबस स्त्रीलिंगी आहे."

"तुमची उठबस वाढवा. रोज सकाळ-संध्याकाळ. हळूहळू."

लिंग सुधारण्याच्या समाधानात अर्थ विचारायचा राहून गेला. विचारायचा तरी कशाला? उठबस म्हणजे चार माणसांत मिसळणे, येणे-जाणे, हे मराठीच्या बाईंना कोणी सांगायला हवे होते का? शैलजाबाई मनातून दुखावल्या मात्र होत्या. आश्रमात त्यांचे कोणाशीच फारसे बोलणे नव्हते, हे त्या पोरीने बरोबर हेरले होते. माणसांत मिसळल्याने मांड्यांत बळ कसे येते हे त्यांना कळले नाही. परंतु हल्लीचे वैद्यकशास्त्र मनाचाही विचार करते, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते.

आणि त्या कामाला लागल्या.

पहिली पाळी शेजारच्या धुरपदाबाईंची आली. या मूळच्या अमळनेरकडच्या. साऱ्या जन्मात त्यांनी अहिराणीखेरीज दुसरे काही बोलायचे मनावर घेतले नव्हते. शैलजाबाई आपण होऊन दारात उभ्या राहिलेल्या पाहून त्या आधी घाबरल्याच. मग "या, बठा" म्हणून त्यांनी बाईंना आपल्या मऊ गादीवर रुतवले आणि गोडादऱ्याहून सुनेने पाठवलेली कळण्याची भाकरी पुढे केली. दुपारी प्रभाकररावांकडे जाणे झाले. ते बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन गृहस्थ; परंतु "चहा घेऊन घ्या" असे म्हणत. शैलजाबाईंनी चहा घेतला आणि त्याबरोबर ते हिंदी वळणाचे क्रियापदही गिळले. त्यांच्या दृष्टीने खरा व्यायाम तोच होता. ओठ घट्ट मिटून धरण्यात जेवढे स्नायू खर्ची पडले, तेवढे मांड्यांचे पडले असते तर ही कथा इथेच संपली असती.

उठबस वाढतच गेली. रविवारच्या लोचोच्या न्याहारीला त्या हजर, भजनाला हजर, वाढदिवसाच्या केकला हजर. प्रत्येक ठिकाणी त्यांना मानाने सर्वांत मऊ सोफ्यावर बसवले जाई आणि निघताना दोघेजण दोन्ही हातांना धरून उपसून काढत. माणसे किती प्रेमळ असतात, याचे त्यांना आश्चर्य वाटू लागले. मांड्या रोज थोड्या अधिक सैल होत होत्या, पण तिकडे पाहायला आता वेळ नव्हता.

टेस्टच्या दिवशी ध्रुवीने उत्सुकतेने विचारले, "बाई, उठबस वाढली?"

"पूर्वी अजिबात नव्हती. आता दोन्ही मजल्यांवर आहे."

"दोन्ही मजल्यांवर?" ध्रुवी चकित झाली. "एकट्याने करता?"

"एकट्याने कशी होईल? सकाळी धुरपदाबाईंबरोबर, दुपारी प्रभाकररावांबरोबर."

"प्रभाकरकाका पण करतात? त्यांचे तर गुडघे खराब आहेत."

"उठबशीला गुडघे कशाला लागतात? ते पलंगावरूनच करतात."

ध्रुवीने भूपेंद्रभाईंकडे पाहिले. भूपेंद्रभाईंनी छताकडे पाहिले. मग ती हलकेच म्हणाली, "बरं. आता मला करून दाखवा."

"इथे? कोणाशी?"

ध्रुवीने काही न बोलता हात समोर धरले, गुडघ्यांत वाकून ती खाली गेली आणि वर आली. पुन्हा खाली गेली आणि वर आली. "असा. आमच्या गुजरातीत याला ऊठबेस म्हणतात."

शैलजाबाईंच्या चेहऱ्यावरून आधी व्याकरण गेले, मग रंग गेला.

"याला मराठीत," त्या शेवटी म्हणाल्या, "उठाबशा म्हणतात. ती शिक्षा असते. ती द्यायची असते, करायची नसते."

त्यानंतरची टेस्ट हा केवळ उपचार होता. शैलजाबाई खुर्चीला अशा चिकटल्या होत्या की, उठण्याच्या प्रयत्नात खुर्चीच त्यांच्याबरोबर जराशी सरकली. भूपेंद्रभाईंनी खालचा पलंग झाडून ठेवायला सांगितले. तेव्हा शैलजाबाईंनी मान ताठ केली आणि आपल्याला पुरवणी परीक्षेला बसण्याचा हक्क आहे, असे ठणकावले. असा नियम आश्रमात नव्हता. परंतु त्या आवाजाला नाही म्हणण्याची छाती भूपेंद्रभाईंनाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शैलजाबाई गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. साखर कारखान्याकडून मळीचा वास येत होता. त्या थोड्या वाकल्या. मांड्यांनी साफ नकार दिला. वर्गात असा नकार देणाऱ्याचे त्या काय करत, हे मांड्यांना ठाऊक नसावे. त्या पुन्हा वाकल्या, आणि वाकतच राहिल्या. सकाळी कठडा, संध्याकाळी कठडा, जेवणात मुगाचे घट्ट वरण, रात्री दूध. दुधाच्या वासाने त्यांना मळमळत असे, तरी पेल्यात थेंब उरत नसे.

हे सारे गुपचूप व्हावे अशी त्यांची इच्छा होती; पण आता त्यांची उठबस फार वाढलेली होती. दोन्ही मजल्यांवरून माणसे पाहायला लोटली. धुरपदाबाई तर कळवळून जवळच आल्या.

"बाई, तुम्हले कोनी शिक्षा दिधी व?"

"भूपेंद्रभाईंनी," शैलजाबाई दम खात म्हणाल्या.

प्रभाकरराव जरा खोडकर होते. "बाई, कान धरायचे राहून गेले," ते म्हणाले.

"कान धरले तर कठडा कोण धरील?" असे म्हणून बाई खाली गेल्या आणि वर येऊनच त्यांनी पुढचा श्वास घेतला.

हट्टाला फळ आले. हळूहळू मांड्या ताळ्यावर आल्या. कठडा दोन हातांवरून एका हातावर आला, एका हातावरून बोटांवर आला. पुरवणी परीक्षेच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. शैलजाबाई खुर्चीत बसल्या. हात छातीवर बांधले. समोर भूपेंद्रभाई सेवा विभागाची किल्ली बोटात फिरवत उभे होते. बाई पुढे झुकल्या, ओठ आवळले, आणि उठल्या. सरळ, ताठ, आधाराविना.

टाळ्या झाल्या. धुरपदाबाईंनी डोळे पुसले. ध्रुवीने शैलजाबाईंना मिठीच मारली. भूपेंद्रभाईंनी किल्ली खिशात टाकली आणि वरची खोली तुमचीच, असे हात जोडून सांगितले. "हवे बेसो, बा," म्हणजे आता बसा, असेही ते म्हणाले.

शैलजाबाईंनी बसण्यासाठी गुडघे वाकवण्याचा विचार केला. त्या विचाराला वरून खालपर्यंत कोणी अनुमोदन दिले नाही. होते नव्हते ते सारे बळ उठण्यात संपले होते. मांड्या काठीसारख्या ताठ झाल्या होत्या आणि किल्ली अजून भूपेंद्रभाईंच्या खिशातच होती; ती पुन्हा बाहेर यायला निमित्तच हवे होते.

"बसण्यापूर्वी," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मला दोन शब्द बोलायचे आहेत."

आणि त्यांनी 'उठबस' व 'उठाबशा' यांतील अर्थभेदावर व्याख्यान सुरू केले. लिंग झाले, वचन झाले, समास झाला, विग्रह झाला. या वयात काय ही ऊर्जा, म्हणून सगळे थक्क झाले. मग जेवणाची घंटा झाली. एकेकजण नमस्कार करून सटकू लागला. ध्रुवी गेली, प्रभाकरराव गेले. भूपेंद्रभाई कर्तरी-कर्मणी प्रयोगांपर्यंत नेटाने टिकले आणि मग तेही मागच्या मागे पसार झाले. धुरपदाबाई तेवढ्या उरल्या. त्यांना एक अक्षर कळले नव्हते, पण अर्ध्यावरून उठून जाणे त्यांना बरे वाटेना.

शैलजाबाईंनी मान न वळवता हलक्या आवाजात विचारले, "धुरपदाबाई, सगळे गेले का हो?"

"गयात, बाई."

"दार लावा. आणि मला बसवा."