येडगावचा निःपक्षपाती श्रोता

गाणी वाजवायची दोन सॉफ्टवेअर, आणि त्यातलं निळं जास्त चांगलं, असा निकाल येडगावच्या एका बिबट्यानं दिला. पण मदनलालशेठ म्हणतात की असं काही झालेलंच नाही, आणि नारायणगावच्या बाजारात शेठचा शब्द चालतो. तेव्हा आपणही काही झालं नाही असंच धरू आणि जिनेशच्या खोलीपासून सुरुवात करू.

शेठचं नारायणगावात खत-बियाण्यांचं दुकान. येडगावला धरणाच्या अलीकडं थोडी जमीन, घर, आणि घराला लागून एक ऐसपैस खोली. ही खोली शेठनी खताची पोती ठेवायला बांधली होती. पण पोती यायच्या आत त्यांच्या मुलानं, म्हणजे जिनेशनं, तिच्यात माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर उभे केले, भिंतींना गाद्या ठोकल्या आणि मधोमध एक खुर्ची ठेवली. खुर्ची एकच. कारण खरा आवाज खोलीत एकाच जागी येतो, असं जिनेशचं म्हणणं. बाकीच्यांनी खोटा आवाज ऐकत उभं राहायचं.

गाणी लॅपटॉपवरून वाजायची. आधी त्यावर हिरव्या चित्राचं, फुकटातलं सॉफ्टवेअर होतं. मग जिनेशनं निळ्या चित्राचं, विकतचं आणलं आणि त्याचं आयुष्य बदललं.

"राखी, ऐक. निळ्यात तानपुऱ्याची तार ओली वाटते."

"मग वाळत घाला," त्याची बायको म्हणाली.

शेठ खोलीत आले ते हात पाठीशी बांधून. दोन्ही ऐकलं. मग म्हणाले, "गाणं तेच. डबा तोच. वायर तीच. फरक येणार कुठून?"

"पप्पा, फरक आहे."

"तुला आहे. दुसऱ्या कुणाला आहे का? एक माणूस आण. पण दुकानाचं गिऱ्हाईक नको, ते मला खूश करायला काहीही म्हणेल. आणि त्यानं आपल्या घरचं काही खाल्लेलं नको, नाहीतर तो तुझ्या आईला खूश करायला बोलेल. असा माणूस म्हणाला फरक आहे, तर खोली तुझी. नाहीतर पोती ट्रकमधे भरून तयार आहेत."

अट ऐकून जिनेशला हायसं वाटलं. तालुक्यात माणसांना काय तोटा! पण तो शोधायला निघाला तेव्हा शेठचा डाव त्याच्या लक्षात आला. ज्याच्याकडं शेत, तो दुकानाचं गिऱ्हाईक. ज्याच्याकडं शेत नाही, त्याला जिनेशच्या आईनं, प्यारीबाईंनी, केव्हा ना केव्हा खाऊ घातलेलं. अवसरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातला एक प्राध्यापक आणला, थेट परगावचा. तर प्यारीबाईंनी तो खुर्चीत बसायच्या आत त्याच्या हातात शंकरपाळ्यांची वाटी दिली. "बाद," शेठ दारातूनच म्हणाले. आहुप्याच्या बायडाबाई हिरडा विकायला आल्या होत्या, त्या उंबऱ्यावर नुसतं पाणी प्यायल्या. पाणी हे खाणं की पिणं, यावर बापलेकांचा दोन दिवस वाद झाला. तो मिटेपर्यंत बायडाबाई डोंगर चढून घरी पोचल्या होत्या.

तरी जिनेशनं जिद्द सोडली नाही. साक्षीदार मिळेल तेव्हा मिळेल, आपली तयारी हवी, म्हणून त्यानं रोज दिवेलागणीला सराव सुरू केला. राखी पडद्यामागं लॅपटॉप घेऊन बसायची आणि मनाला येईल ते सॉफ्टवेअर लावायची. जिनेश खुर्चीत डोळे मिटून ओळखायचा. खिडकी तेवढी उघडी, कारण गाद्यांमुळं आत माणूस उकडून निघायचा.

अशाच एका संध्याकाळी शेजारचा भगवंत धापा टाकत आला. त्याचा ऊस खिडकीसमोरच होता आणि त्यातला अर्धा नुकताच तुटला होता.

"जिनेशशेठ, बंद करू नका! आजाबात बंद करू नका!"

"काय झालं?"

"बिबट्या बसलाय! तुमच्या खिडकीभाईर, दगडी गडग्यावर. लई येळ झाला. मी ब्याटरी मारली, तर माज्याकडं असं बघितलं राव, जसं थेटरात कुनी मोबाईल लावल्यावर बघत्यात."

दुसऱ्या कुठल्या तालुक्यात यावर पळापळ झाली असती. इथं राखीनं फक्त खिडकीची जाळी लावून घेतली.

"कोणतं चालू आहे?" जिनेशनं कुजबुजत विचारलं.

"निळं."

"हिरवं लाव."

राखीनं हिरवं लावलं. हिरव्याला गाणं बदलताना मधेच ठक्‌ करायची खोड होती. ते ठक्‌ झालं आणि गच्चीवर चढलेल्या भगवंतचा आवाज आला, "उठला! चालला उसात!"

जिनेशच्या अंगावर काटा आला. भीतीनं नव्हे. येडगावात असा एकच जीव होता ज्यानं कधी युरिया नेला नव्हता आणि आईच्या हातचं काही खाल्लं नव्हतं.

त्या दिवसापासून प्रयोग रीतसर सुरू झाला. राखी आत गुपचूप निवड करायची, भगवंत गच्चीवरून ओरडायचा. "बसला!" म्हणजे निळं निघायचं. "गेला!" म्हणजे हिरवं. एकदा "जांभई दिली!" असं आलं, तेव्हा राखीनं चुकून नवऱ्याच्या आवडीची आलापी लावली होती. ती गणतीत धरली नाही.

अडचण भगवंतच्या बायकोनं, लंकाबाईंनी, काढली. त्या थेट खोलीत येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमचं हिरवं लई चांगलंय. तेच लावा."

"वहिनी, निळं चांगलं आहे. बिबट्या बसतो."

"म्हनूनच म्हनते! आमाला बसनारा बिबट्या नकोय, जानारा पायजे! गाव उसात जाताना मोबाईलवर गानी लावतंय त्याला पळवायला, आन्‌ तुमी त्याला मैफिली देताय? गोठ्यात माजी शेळी हाय."

आणि त्यांनी वनखात्याला फोन केला. वनरक्षक नूतनताई पिंजरा घेऊन आल्या, तो गडग्याजवळ मांडला, आणि त्याच्या मागच्या बंद कप्प्यात लंकाबाईंचीच शेळी ठेवली. शेळीला धक्का लागणार नाही असं प्यारीबाईंनी नूतनताईंकडून वदवून घेतलं. पण शेळी ओरडायला लागली. हिरवं लावा, निळं लावा, शेळीचा अभिप्राय सारखाच. बिबट्या फिरकेना.

"भाऊ," नूतनताई म्हणाल्या, "तुमचं ते निळं आहे ना, ते लावा बरं."

जिनेशनं खिडकीतून पिंजऱ्याकडं बघितलं. जगात आपल्याला समजून घेणारा एकच जण, आणि त्याला आपणच फसवायचं? पण मग त्याच्या मनात आलं की सरकारी माणूस डोळ्यांनी बघणार आहे. असा साक्षीदार पप्पांना टाळता येणार नाही. त्यानं राखीला खूण केली.

निळं सुरू झालं. तानपुऱ्याची तार ओली झाली. शेळीसुद्धा गप्प बसली. बिबट्या उसातून सावकाश आला, गडग्यावर नेहमीच्या जागी चढला, तिथून खाली बघितलं आणि पिंजऱ्यात जाऊन बसला. तबल्याच्या बरोबर समेवर दार पडलं, असं जिनेश म्हणतो. भगवंत म्हणतो, "न्हाई, जरा मागं पडलं."

शेठना फोन गेला. ते दुकान बंद करून आले.

"पप्पा, हा ऐकणारा! दुकानाचं गिऱ्हाईक नाही. आपल्या घरी चहा घेतलेला नाही. नूतनताई साक्षीला आहेत. आता खोली माझी."

शेठनी हात पाठीशी बांधून पिंजऱ्याला सबंध फेरी मारली. दुकानात पोत्याची शिवण तपासायचे तसं त्यांनी बिबट्याकडं निरखून बघितलं. मग शांतपणे विचारलं, "आपला मोती कुठं आहे?"

मोती म्हणजे राखणीचा कुत्रा. दिवाळीनंतर नाहीसा झालेला.

"मोती रोज तुझ्या आईच्या हातची तूप लावलेली पोळी खायचा. मोतीला यानं खाल्लं. मोती आपल्या घरचा. म्हणजे यानं आपल्या घरचं खाल्लं." शेठनी चष्मा पुसला. "बाद. सकाळी पोती येतील."

"हाच होता कशावरून?" जिनेशनं भगवंतकडं आशेनं बघितलं.

"बिबट्यानं नेला यवढं खरं. मी पाह्यलं व्हतं," भगवंत मान खाली घालून म्हणाला. "पन त्यो हाच का दुसरा, ते काय मला इचारू नका. तवा गानं नव्हतं चालू."

जिनेश पायरीवर मटकन बसला. पिंजरा गाडीवर चढत होता. जाळीमागून बिबट्या खिडकीकडं बघत होता. निळं अजून चालूच होतं.

तेव्हा पडद्यामागून राखी बाहेर आली. एवढे दिवस दोन्ही सॉफ्टवेअर तिनंच लावली होती, आणि ओल्या तारेबद्दल तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

"पप्पा, संशयावरून कुणाला बाद करता येतं का? आपण वनखात्याला रीतसर विचारू. लेखी उत्तर येईपर्यंत पोती नकोत."

शेठनी विचार केला. सरकारदरबारी अर्ज पडलेला असताना मालाला हात लावायचा नाही, हा त्यांचा धंद्यातला जुना नेम. "ठीक," ते म्हणाले. "उत्तर आलं की बघू."

जिनेशनं खुर्ची राखीला दिली आणि जमिनीवर बसून अर्ज लिहिला. त्याची पोच त्यानं स्पीकरवर चिकटवली आहे. खोली अजून त्याच्याकडंच आहे. अर्ज असा :

मा. वनाधिकारी साहेब यांस,

विषय : श्रोत्याबाबत दाखला अथवा बदली श्रोता मिळणेबाबत.

महोदय, मौजे येडगाव येथे आमच्या खिडकीबाहेर पकडण्यात आलेल्या बिबट्याने आमचा कुत्रा मोती यास खाल्लेले नाही, असा दाखला आपल्या सही-शिक्क्यानिशी मिळावा. तसा दाखला देणे शक्य नसल्यास, आमच्या घरचे काहीही न खाल्लेला, आमच्या दुकानाशी कोणताही व्यवहार नसलेला व दोन्ही कानांनी नीट ऐकू येणारा दुसरा बिबट्या येत्या कोणत्याही रविवारी दिवेलागणीस सदर गडग्यावर उपलब्ध करून देण्यात यावा. त्याच्या चहापाण्याची सोय नियमात बसत नसल्याने करता येणार नाही, याबद्दल क्षमस्व. कळावे.