भज्जी कुठल्या पक्षाची?

"पातेलं गाडीत घाला," असं निवडणुकीच्या पथकाच्या साहेबांनी सांगितल्याबरोबर व्यंकटराव पातेल्याच्या झाकणावर जाऊन बसले आणि तितक्याच चपळाईनं उठले. भज्जी नुकतीच चुलीवरून उतरवलेली होती.

नांदेडात महापालिकेची निवडणूक लागली होती. आमच्या गेटाशी एक म्हातारा रस्त्यानं जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला ओढतोय, अशी कुणीतरी तक्रार केली. तक्रार खरीच होती. दोन रिक्षावाले ओढून झाले होते. दोघंही हात सोडवून पळाले.

"कुठल्या पक्षाची आहे ही?" साहेबांनी विचारलं.

"पक्षाची कशाची? येळवसची हाय."

"आणि जेवणारे कोण? इथले मतदारच ना?"

"ते मी कशाला विचारू? माझं मतदान तर शिरूर अनंतपाळला हाय!"

व्यंकटराव माझे शेजारी, मूळचे तिकडचेच, लातूर जिल्ह्यातले. दोन वर्षांपासून मुलाकडे राहतात. मुलगा आणि सून सकाळीच नोकरीवर जातात. त्यांच्या गावाकडे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सगळे शेतात जेवतात. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारायची आणि त्यानं येऊन बसायचं. त्या दिवशीची ही भज्जी. तेलात तळतात ती भजी वेगळी. हिच्यात तूर, पावटा, वाटाणा, हरभरा यांचे ओले दाणे, गाजर, वांगी, मेथी, जे शेतात असेल ते पडतं. चिंचेच्या पाण्यात बेसन कालवून ओततात आणि घट्ट होईपर्यंत शिजवतात.

शेंगा सोलायला आदल्या दिवशी त्यांनी मला बसवलं. बसवलं म्हणजे शेंगांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि निघून गेले. सकाळी बेसन ओतताना माझ्या हातात उलथनं दिलं. "ढवळत ऱ्हावा, आक्का! थांबलात की गाठी झाल्या!" मी एकदा पदर सावरला तर म्हणाले, "झाली बघा गाठ." ती गाठ त्यांनी पळीनं काढली आणि मलाच खायला लावली.

"अहो, घरात माणसं तीन. एवढं पातेलं कशाला?" मी म्हणाले.

"तीन माणसाची भज्जी होत न्हाई, आक्का. तिला भाजी म्हणत्यात."

हट्टी माणूस. पण भज्जी झकास झाली होती, हे मी पळी चाटून सांगते.

आता ते पातेलं जप्त व्हायला निघालं होतं. साहेब तसे वाईट नव्हते. म्हणाले, "आजोबा, इमारतीतली माणसं बसली असती तर घरचं जेवण म्हणून सोडून दिलं असतं. रस्त्यावरची माणसं कशाला ओढता?"

व्यंकटरावांचा आवाज एरवी चार गल्ल्यांत जातो. तो एकदम खाली आला.

"साहेब, इथं समदी दारं लावलेली असत्यात. शेताला दार नसतंय. दार वाजवून जेवायला बोलवायचं मला येत न्हाई."

 

"मला येतं," मी म्हणाले आणि जिना चढले.

एकेका बेलवरचं बोट मी दार उघडेपर्यंत काढलं नाही. तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "मावशी, माझं डाएट आहे." म्हटलं, "असू दे. खाली येऊन म्हाताऱ्याला तोंडावर सांग." ती नवऱ्याला घेऊन आली. खाली आल्यावर डाएट सांगायचं राहिलं, भाकरी मात्र दुसऱ्यांदा मागितली.

व्यंकटराव वाढत होते. प्रत्येकाच्या ताटाशी वाकायचे, भज्जी घालायचे आणि हळूच विचारायचे, "नाव काय म्हणायचं तुमचं?" ते दोन वर्षं याच जिन्यानं चढत-उतरत होते.

जेवणारे सगळे इमारतीतलेच आहेत हे साहेबांनी पाहिलं, मग गाडीत बसून निघून गेले. पातेलं जागेवरच राहिलं.

तिसऱ्या मजल्यावरचे नवरा-बायको, वरची बँकेतली पोरगी, वॉचमन, मी आणि सगळ्यांत शेवटी व्यंकटराव. त्या दिवशी एवढे जण जेवलो.