जिन्याच्या वळणावरचा गुलाब

गच्चीवरचा गुलाब खाली ओसरीत आणायचा, असं मी ठरवलं ते निव्वळ प्रेमापोटी. (प्रेम बायकोवरचं. गुलाबाशी माझे संबंध तोवर फक्त पाण्यापुरते होते.)

बायको, म्हणजे प्रेरणा, वडनेर भोलजीला माहेरी गेली होती. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. निघताना पायरीवर थांबून तिनं बजावलं, "बाकी कुंड्या वाळल्या तरी चालतीन, पण ड्रममधल्या गुलाबाले जपजा."

निळा प्लास्टिकचा ड्रम मधोमध कापून तिनं त्यात तो गुलाब लावला होता. कलम तिच्या वडिलांच्या हातचं. त्यांनी ते लेकीला बांधून दिलं आणि त्याच हिवाळ्यात ते गेले. तेव्हापासून त्या झाडानं पानं दिली, काटे तर सढळ हातानं दिले. फूल मात्र दिलं नाही. कळी यायची आणि उमलायच्या आधीच करपायची. करपलेली कळी खुडून प्रेरणा गुपचूप खाली यायची. ती बोलायची नाही, म्हणून तिची कसर माझी आई भरून काढायची.

"फूल ना फळ," आई म्हणायची. "त्याच ड्रमात मेथी टाकली असती तं घराले भाजी तरी झाली असती."

आईचं नाव झुंबरबाई. नाव नाजूक आहे, एवढंच सांगतो.

तर आमच्या उंद्री गावातला मे महिना. दुपारी गच्चीवर गेलं तर चप्पल स्लॅबला चिकटायची आणि पाय पुढे निघून जायचा. गुलाबानं मान टाकलेली. मी विचार केला, ह्याला सावलीत न्यावं. मी चिखलीला कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. फायली ह्या टेबलावरून त्या टेबलावर हलवण्यात माझी हयात गेली. ड्रम हलवणं त्याहून सोपं, कारण त्यावर साहेबांची सही लागत नाही.

मदतीला शेजारच्या रंगरावकाकांना बोलावलं. काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. जिना पाहून ते हसले.

"अबे गजा, राजूर घाटात भरली गाडी रिव्हर्स घेतली मी. हा जिना म्हंजे काय चीज हाय!"

काका खालच्या बाजूला, मी वरच्या बाजूला, मध्ये ड्रम, आणि ड्रमातून माझ्या गळ्यात पडू पाहणारा गुलाब. आमचा जिना घरातलाच, अरुंद, मध्ये वळण घेणारा. वळणावर पूर्वेला सिमेंटची जाळी.

"येऊ दे, येऊ दे," काका म्हणाले. "डावा मार. अजून डावा. बस!"

ते 'बस' एवढं खरं ठरेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. ड्रम वळणावर बसला. एक कड भिंतीत, एक कड जाळीत, आणि अर्धं बूड पायरीच्या बाहेर अधांतरी. ढकलला, ओढला, काकांनी पाठ लावली. ड्रम पिढीजात मालकासारखा जागचा हलेना.

"काका, वर गेला तेव्हा कसा गेला हा?"

काकांनी विचार केला. "तवा रिकामा व्हता न बे. आडवा करून नेला असंन."

आता आडवा करायचा म्हणजे माती, मुळं, सासरे, सगळंच सांडायचं. शिवाय मी वरच्या बाजूला होतो. खाली यायचा रस्ता गुलाबानं अडवलेला, आणि सदऱ्याला त्यानं इतक्या ठिकाणी धरलेलं की लग्नातसुद्धा मला कोणी इतकं घट्ट धरलं नव्हतं. एकदोन फांद्या मोडल्या. शेवटी मी सदरा त्याच्या स्वाधीन केला आणि गच्चीवर पळालो.

काकांनी बाहेरून शिडी लावली. बनियनवर, ओरखडलेल्या अंगानं मी उतरत असताना समोरच्या मनकर्णाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "काहो गजेंद्रभाऊ, घरात जिना असून शिडीवून काऊन उतरून राह्यले?"

"आत गर्दी हाय," मी म्हणालो.

तेवढ्यात प्रेरणाचा फोन.

"गुलाब कसा हाय?"

"सावलीत हाय."

"सावलीत? गच्चीवर कुठं आली सावली?"

"गच्चीवर नाई. म्हंजे, थोडा खाली हाय."

"थोडा खाली म्हंजे कुठं?"

"वरच्या आणि खालच्या मधात."

तिनं फोन ठेवून दिला. लग्नाच्या अनुभवावरून सांगतो, ओरडणं परवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती हजर.

ती जिना चढून वळणाशी गेली. मोडलेल्या फांद्या पाहिल्या, त्यात लटकलेला माझा सदरा पाहिला. मी भाषण तयार ठेवलं होतं, पण ती माझ्याकडे वळलीच नाही. कात्री मागितली, मोडक्या फांद्या खालपर्यंत स्वच्छ छाटल्या, आणि बुंध्यावर हात ठेवून बसून राहिली. वडिलांच्या पायावर हात ठेवावा तशी. त्या क्षणी मला माझ्या प्रेमाची खरोखर लाज वाटली.

"ड्रम कापून काढतो," मी म्हणालो.

"नका. एवढ्या उन्हात मुळं मोकळी झाली तं मरन ते. पाऊस पडेपर्यंत कोणी हात लावू नका."

"अन् माह्या कुरडया?" खालून आईचा आवाज. "कुरडया वाळवाले गच्चीवर कशी जाऊ? उडून?"

दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं. (सासू-सुनेचं इतकं एकमत आमच्या घरात प्रथमच झालं.) त्या उन्हाळ्यात गव्हाच्या चिकाचं पातेलं, सोऱ्या, चादरी, पापडांची परात, सगळं शिडीवरून मी वर नेलं आणि वाळलेलं सगळं मीच खाली आणलं. ऑफिसात सुजलेल्या पायांनी जायचो. साहेबांना वाटलं, मी व्यायाम सुरू केला.

घरात मात्र काही वेगळंच चाललं होतं. आईची बाज जिन्याच्या पायथ्याशी. अधांतरी बुडातून पाणी ठिबकायचं, ते पायरीवरून तिच्या बाजेखाली. पहिल्यांदा तिनं झाडाला शिव्या दिल्या. मग एक दिवस मी तिला तांदूळ धुतलेलं पाणी त्याला घालताना पाहिलं.

"फेकूनच देणार व्हती," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

छाटलेल्या जागी लालसर कोंब फुटले. त्यांची पानं झाली. मग एका शेंड्याला कळी आली. ती सगळ्यांना दिसली. प्रेरणा जिन्यापाशी जाईना. मी जाळीच्या बाजूनं शिंकायचं सोडलं. रोज सकाळी उठून प्रत्येकजण चोरून बघायचा, करपली का? करपली नव्हती. फुगत होती.

मग एका सकाळी आईनं हाक मारली. अशा आवाजात तिनं मला कधी हाक मारलेली नव्हती. "गजा. तिले बोलाव. लवकर."

आम्ही धावलो. जाळीतून कोवळं ऊन आलं होतं आणि त्या उन्हात फूल उघडलं होतं. लाल म्हणावं तर लाल नाही. आतून काळपट, कडेला पेटल्यासारखं, हाताच्या ओंजळीएवढं. पाकळीवर पाकळी, पाकळीवर पाकळी, बघताना मोजणीच थांबावी. आणि वास! साऱ्या घरात भरलेला, पिठाच्या डब्यापर्यंत. वर्षानुवर्षं एवढं सगळं त्या काटेरी काडीत मुकाट बसून होतं?

प्रेरणा रडत होती. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. रंगरावकाका आले, टोपी काढून उभे राहिले. घाटाचं नाव नाही.

"गच्चीवर दुपारचं ऊन कळी जाळत व्हतं," डोळे पुसत प्रेरणा म्हणाली. "अन् स्लॅबवर टेकून ड्रमची भोकं बुजली व्हती, पाणी मुळात साचे. अथी वळणावर सकाळचं ऊन, दुपारची सावली, अन् बूड मोकळं. छाटणी पण झाली."

"म्हंजे मी..." मी छाती पुढे काढली.

"तुम्ही अडकवला म्हणून," ती म्हणाली. "ओसरीत पोचला असता तं ऊनच नसतं भेटलं."

पाऊस आला, गेला. ड्रम हलवायचं नाव काढलं की आई काठी उगारते. "जिना काय, बाहेरून दुसरा होईन," म्हणते. तोवर शिडी आहेच.

गावभर बातमी पसरली. वाड्यावस्त्यांवरून बाया बघायला येऊ लागल्या, आत शिरताना आवाज खाली करायच्या. एक वार्ताहरही आला. त्याला वळणावरचं फूल वरच्या बाजूनं टिपायचं होतं. तो शिडीवरून गच्चीत चढला आणि तिथून जिना उतरून त्यानं फोटो घेतले. एक फोटो बाहेर, शिडीसकट सगळ्यांचा.

पेपरात तो छापून आला. मी ऑफिसात पाच प्रती वाटल्या. खाली ओळ होती: 'गुलाब फुलवणाऱ्या प्रेरणाताई, सासूबाई झुंबरबाई व मार्गदर्शक रंगराव.' फोटोत डाव्या कडेला शिडी दिसते. शिडीला धरलेली बोटं माझी आहेत.