जोसना गल्लीचे पाहुणे

माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा आख्ख्या ढाक्यात सापडायचा नाही! जन्मभर रिक्षांची हूडं शिवली. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत मी सांगतो, हा हूडावर मोर मागणार की ताजमहाल. त्यामुळे पाणीखात्याचे साहेब आमची गल्ली बघायला येणार असं कळलं, तेव्हा स्वागताला पुढे कोण हा प्रश्नच नव्हता. "तोफज्जलभाई, तुम्हीच!" असं कोणी म्हणायच्या आधीच मी हो म्हणून टाकलं.

आमची जोसना गल्ली, म्हणजे चांदण्याची गल्ली, कलमीझिल तळ्याच्या काठावर. सगळी घरं पत्र्याची. चैत्रात पत्रा असा तापतो की मांजरसुद्धा छपरावरून नाचत जातं! मागच्या वर्षी कोहिनूर खाला कमरेवर हात ठेवून गल्लीच्या मध्यावर उभी राहिली. खाला, म्हणजे सगळ्यांची मावशी, वयानं आमच्यात सगळ्यात मोठी आणि आवाजानं तर पैलतीरापर्यंत मोठी. "सरकार सावली देईल म्हणून बसलात तर पापडासारखे भाजून निघाल. घरटी एकेक बांबू काढा!"

निघाले बांबू. समोरासमोरच्या छपरांवर आडवे बांधले आणि त्यांवर दुध्याचे वेल चढवले. मग सगळ्यांनाच हुरूप आला. कोणी गटार उपसलं, कोणी चिखल वाहिला, कोणी जुन्या नावेच्या फळ्या आणून चालायला वाट केली. पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचायचं ते बंद झालं. आणि वेल असे माजले की गल्लीवर हिरवं छत झालं! संध्याकाळी दुध्याची पांढरी फुलं उमलली की भर वस्तीत चांदण्या खाली उतरल्यासारखं वाटायचं. त्या उजेडात भांडायलाही कुणाचा आवाज चढत नसे.

कमी होतं ते फक्त पाणी. प्यायचं पाणी बायका पलीकडच्या काठावरून नावेनं आणत. माझ्या बायकोचे, नूरबानूचे, खांदे घागरींनी सोलून निघालेले. गेल्या पावसाळ्यात घाण पाण्यानं गल्लीतली निम्मी पोरं अंथरुणाला खिळली होती. म्हणून ही पाहणी म्हणजे आमच्यासाठी परीक्षाच होती.

साहेब दुपारी येणार होते. आम्ही सकाळपासून सज्ज! खिचडी, दुध्या घालून कोळंबी, वांग्याचं भरीत. गल्लीच्या तोंडाशी, नावा लागतात तिथं, साहेबांनी कापायला लाल फीत. वेलींत छोटे दिवे, गॅरेजातल्या रिक्षांच्या बॅटऱ्यांवर लावलेले. दुपार गेली. ऊन उतरलं. दिवेलागण झाली आणि नेमकी सगळ्या वस्तीची वीज गेली. झिल काळीशार झाली. त्या काळोखात एकटी आमची गल्ली लुकलुकत होती, पाण्यातही आणि पाण्यावरही.

आणि त्या पाण्यावरून नावा येताना दिसल्या. एक, दोन, तीन... मागे आणखी!

"एका नळासाठी एवढे अधिकारी?" नूरबानू म्हणाली.

"मोठं खातं आहे," मी म्हणालो. "तू फक्त बघत राहा!"

पहिल्या नावेतून पोट सावरत एक गृहस्थ उतरले. सगळे त्यांना लुत्फरमामा म्हणत होते. खात्यात इतका जिव्हाळा! मागे एक टक्कल पडू लागलेले, सुटाबुटातले गृहस्थ. तोंडावर रुमाल. मी मनात म्हटलं, हेच मोठे साहेब! बघा कसा नाकाला रुमाल लावलाय. थोडा रागच आला. गटार उपसून आम्ही फिनेल ओतलं होतं!

फीत बघताच मामा खूश. "वा! दार अडवायची तयारी झालेली दिसतेय. बद्रुल, काप!"

साहेबांनी लाजत लाजत कात्री घेतली. आमच्या बायकांनी फुलं उधळली. मग नावांतून मिठाईची मडकी उतरू लागली. मी थक्क! घेणारे अधिकारी खूप पाहिले होते, घेऊन येणारे पहिल्यांदाच पाहत होतो. एका माणसानं एक गोल पेटी छातीशी धरली होती. मोजमापाचं यंत्र असणार! मी त्या पेटीला चांगली जागा दिली.

पंगत बसली. मामांनी पानावर नजर फिरवली. "पुलाव दिसत नाही?"

"आम्ही साधी माणसं, साहेब."

"छान, छान! आम्हालाही साधीच माणसं हवीत. आता आपण एका घरचे!" त्यांनी मला असं कवटाळलं की माझी एक फासळी बोलली. मग हळूच म्हणाले, "पंगत उठेपर्यंत थोडी माहिती द्या. मी सिल्हेटला असतो, मी काही बघितलेलं नाही. नाव काय?"

"जोसना!" मी छाती काढून सांगितलं.

"घरातलं हाक मारायचं नाव दिसतंय," मामा शेजाऱ्याला म्हणाले. "आणि वय?"

"तिशी उलटली. त्याआधी इथं नुसती दलदल होती."

मामांचा घास वाटेतच थांबला. "तिशी? आम्हाला तर बावीस सांगितलं!"

"सांगणारे काहीही सांगतात. आम्ही पहिल्यापासून इथं आहोत. आमच्या डोळ्यांदेखत वाढली."

"आधी कोणी बघून गेलं होतं?"

"किती तरी! येतात, चहा पितात, गोडगोड बोलतात, मग तोंड दाखवत नाहीत. एक जण तर फीत लावून मोजून गेला, लांबी, रुंदी, सगळं!"

साहेबांना ठसका लागला. रुमाल खाली पडला. नूरबानूनं धावत पाणी दिलं.

"तसा दोष काही नाही," मी समजावलं. "मधे जरा वाकडी आहे एवढंच. आणि पावसाळ्यात पाणी व्हायचं, गुडघ्यापर्यंत."

"गुडघ्यात पाणी?" मामा ओरडले.

"पण आम्ही सगळ्यांनी मिळून बरं केलं! या खालानं, त्या शेजाऱ्यांनी, कोणी दिवसा, कोणी कामावरून आल्यावर. आता खुशाल नाचा!"

मामा उठायच्या बेतात होते. तेवढ्यात त्या साहेबांनी त्यांचा हात धरला. आवाज अगदी मऊ होता. "मामा, असू द्या. माझी पाठ नाही का दुखत? एका माणसाच्या दुखण्यासाठी जिथं सगळी गल्ली राबते, त्या घरी नाही कसं म्हणायचं? मला कबूल आहे."

माझे डोळे भरून आले. कसला हा अधिकारी! वरून दुध्याचं एक फूल टपकन त्यांच्या टकलावर पडलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं.

"मग कधी देणार?" मी गहिवरून विचारलं.

"काय?" मामा म्हणाले.

"पाणी हो!"

एकानं तत्परतेनं माझ्यासमोर पेला सरकवला.

एवढ्यात मागच्या फळ्यांवरून एक बाई आल्या. साधी साडी, हातात छत्री, चपला चिखलात भरलेल्या. "मी पाणीखात्याकडून आलेय, रस्त्यात अडकले होते..."

"हे सगळे तिकडचेच आहेत, आपा!" मी म्हणालो. "तुमचीच वाट बघत होते. बसा, खिचडी गरम आहे!"

आपा बसल्या. दोन घास खाल्ले, पंगतीवरून डोळे फिरवले आणि म्हणाल्या, "भाई, यातल्या एकालाही मी ओळखत नाही."

मी काही बोलणार, तोच घामानं निथळलेला एक तरणा माणूस नावेतून उडी मारून आला. "नवरदेव इथं आलाय का हो? आमच्या मांडवातली वीज गेली, आणि माझी बहीण नटूनथटून कधीची बसलीय! आई रडतेय, लोक म्हणतायत वरात परत गेली!"

सगळी गल्ली माझ्याकडे बघू लागली. मी गोल पेटीकडे बघितलं. कोणीतरी झाकण उघडलं. आत नवरदेवाचा फेटा होता! आणि तोंडावरचा तो रुमाल वासासाठी नव्हता, नवरदेवानं लाजून धरायचा होता!

"म्हणजे तुम्ही मुलीकडचे नाही?" मामा गरजले. "अंधारात इथंच दिवे दिसले म्हणून नावा लावल्या आम्ही! मग तासभर कोणाच्या गुडघ्यांबद्दल बोलत होतात?"

"गल्लीच्या," मी पुटपुटलो.

मग नवरदेवानं त्या तरण्याला विचारलं, "तुमच्या बहिणीचे गुडघे ठीक आहेत ना?" आणि कोहिनूर खाला पदर तोंडात कोंबून हसत सुटली. ते हसू पंगतीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं. शेवटी मामांचं पोट हलू लागलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"हसताय काय!" खाला ओरडली. "पोरगी अंधारात बसलीय. दिवे काढा!"

वेलींतले दिवे निघाले, बॅटऱ्या नावांत चढल्या. दुध्याची फुलं नवरदेवाच्या फेट्यात खोवली. मिठाईची मडकी, उरलेली खिचडी, आम्ही सगळे, सगळं निघालं. काळ्या पाण्यावरून दिव्यांची ओळ सरकत होती. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. वल्ह्यांचा आवाज आणि फुलांचा मंद वास. मला वाटलं, ही गल्लीच उठून पाण्यावर चालू लागलीय.

आपा नूरबानूच्या नावेत होत्या. पायाशी वरातीला प्यायला घेतलेली भरलेली घागर होती. आपांनी सहज ती उचलायला घेतली. हलेचना! "रोज एवढं?" त्यांनी विचारलं. नूरबानूनं खांद्यावरचा पदर बाजूला केला, एवढंच.

लग्न आमच्या दिव्यांत लागलं. दाराशी नवरीच्या बहिणींनी फीत धरली, तर बद्रुलमियाँ काकुळतीनं म्हणाले, "मी आजच्याला एक कापलीय!" पण सोडतात कोण! नवरीनं हे सगळं ऐकलं आणि पडद्याआडून म्हणाली, "आज रडायचं ठरवलं होतं हो मी!" आणि हसू आवरेना तिला.

परतताना आपा म्हणाल्या, "तोफज्जलभाई, मला बघायचं ते मी बघितलं."

पाऊस लागायच्या आत गल्लीत नळ आला. पहिली धार लागली तेव्हा पोरं नाचली, खाला रडली आणि मी भाषण केलं. चांगलं लांबलचक. नळ आणण्यात माझा हात कसा होता ते नीट उलगडून सांगितलं. टाळ्याही पडल्या. सगळ्यात जोरात बायकांच्या!

घरी येऊन पाहतो तर नूरबानूनं दारात घागर काढून ठेवलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"अहो, नळ तुम्ही आणलात ना? मग पाणीही तुम्हीच आणा! सगळ्या जणींचं ठरलंय."

आता तुम्हाला कधी मला भेटायचं असेल तर पहाटे या. रांगेत मी शेवटून दुसरा असतो. पुढे घुसायचा प्रयत्न करून पाहिला, पण गल्लीतले पुरुष नळावर फार भांडतात हो!