आबासाहेबांची वाचा परत आली त्याची हकीकत

श्रीगणरायास वंदन, आणि अक्षरे देणाऱ्या शारदेस वंदन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, पौष मासी एका राज्यात वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. राज्य तीन खोल्यांचे. राजे आबासाहेब, राणी सरोजिनीबाईसाहेब. आदल्या साली राजांस अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. मग राजे डाव्या हाताने संगणकावर अक्षरे टंकीत आणि संगणक ती मोठ्याने वाची. तीच राजांची वाणी जाहली. ऐसियास थंडी पडली आणि यंत्र रुसले. बटण दाबता पंखे फिरत, दिवा लागे, पडदा मात्र काळाच. एके दिवशी चाले, दुसरे दिवशी न चाले. न चाले त्या दिवशी राजे खिडकीकडे तोंड करून बसत.

कन्या इरावतीबाई रजा घेऊन माहेरी आल्या. त्या एके काळी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या. म्हणाल्या, "आबा, नवा आणू?" राजांनी नकारार्थी मान हलविली. नवी रीत शिकावयाचे बळ उरले नव्हते. मग बाईंनी रॅम काढून खोडरबराने घासली आणि सेल बदलिला आणि पॉवर सप्लाय दुसरा लाविला. दर उपायानंतर यंत्र चाले, बाई हर्षित होत, आणि पुन्हा बंद पडे. बाईंस रडू येऊ लागले. पित्याचा आवाज आपल्या हातून निसटतो, ऐसे वाटले.

मग एके पहाटे बाई चहास उठल्या तो काय पाहतात, आईसाहेब संगणकास शाल पांघरवून आत गरम पाण्याची पिशवी ठेवीत आहेत.

"आई, हे काय गं?"

आईसाहेब ओशाळल्या. "ह्यांना पांघरूण घालते, मग ह्यांच्या आवाजाला नको? पण गुडघे फार ठणकले की पिशवी मीच घेते. नेमका त्याच दिवशी बंद पडतो मेला. माझंच चुकतं."

बाईंनी आईसाहेबांस पोटाशी धरिले. "तुझं काही चुकत नाही. गारठ्यानं अडतोय तो, मला आत्ता कळलं." मग मदरबोर्ड बाहेर काढून उजेडात धरिला, तो प्रोसेसराजवळील, वीज साठविणाऱ्या दोन कपॅसिटरांच्या टोप्या फुगलेल्या. जीर्ण जाहले होते, ऊब मिळाली तरच काम करीत. बाजारातून तसेच नवे आणविले, जुने उकलिले, आणि नवे डाख देऊन जोडिले. राजे शेजारी बसून पाहत होते. त्यांनी डावा हात लेकीच्या पाठीवर ठेविला, तेव्हा बाईंनी शेवटचा डाख दिला.

दुसरे दिवशी गारठा भारी पडला. यंत्रास ऊब दिली नाही. बाईंनी बटण दाबिले आणि डोळे मिटले. पडदा उजळला. राजे पुढे सरकले आणि एकेक अक्षर टंकू लागले. मायलेकी श्वास रोधून उभ्या. मग संगणक बोलिला, "चहात साखर नाही."

"डॉक्टरांना विचारा ना!" आईसाहेब कडाडल्या, आणि पदर डोळ्यांस लाविला, आणि हसू आवरेना.

राजांनी लागलीच उत्तर टंकावयास घेतले. येणेप्रमाणे त्या राज्यात पुन्हा भांडण सुरू जाहले आणि प्रजा सुखी जाहली. घडले तितके लिहिले, अधिक लिहिणे नाही.