अडचण संपल्याची अडचण

कोणतीही संस्था किती प्रगत आहे, हे ती माणसांना काम किती देते यावर ठरत नाही. रजा किती देते यावर ठरतं. या कसोटीवर पाहिलं, तर राजारामपुरीतलं इंगवल्यांचं घर आपल्या जिल्ह्यातलं अत्यंत पुढारलेलं घर मानावं लागेल. लोक त्याला जुनाट म्हणतात. लोकांना आस्थापनेचे नियम कळत नाहीत, त्याला इंगवले काय करणार?

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि अपार्टमेंटचा सेक्रेटरी आहे, त्यामुळे जे लिहितो ते जबाबदारीनं लिहितो. (पाण्याच्या टाकीबद्दल फळ्यावर लिहितो तेही जबाबदारीनंच, पण ते कुणी वाचत नाही.) वर चार माणसं राहतात. दत्तप्रसाद इंगवले एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत आहेत, म्हणजे कुणाची किती रजा शिल्लक आहे ते बघून ती नामंजूर करण्याच्या टेबलावर. त्यांची बायको संयोगिता, वय बावन्न. मुलगा ऋतुराज स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, आणि ती तयारी पाचव्या वर्षीही उत्तम चालू आहे. शिवाय दत्तप्रसादांच्या मातोश्री लीलाबाई, मूळच्या कागलकडच्या, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना संयोगिता ‘आत्ती’ म्हणते.

तर या घरात अडचण पाळतात. बाईला महिन्याचं जे येतं त्याचं नाव आपल्याकडे घेत नाहीत, ‘अडचण’ म्हणतात. अडचण नेमकी कुणाची होते, हे या शब्दात मोघम ठेवलंय, आणि तीच त्याची खुबी आहे. अडचणीचे चार दिवस संयोगितानं गॅलरीलगतच्या खोलीत बसायचं. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, चटई वेगळी. तिनं स्वयंपाकघराला, देवाला, लोणच्याच्या बरणीला आणि घरातल्या कुणालाही शिवायचं नाही. तिच्या हातचा चहा चालत नाही. भाकरी चालत नाही. ऋतुराजच्या शर्टाचं बटण चालत नाही. महिन्यातले उरलेले सगळे दिवस घराला दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाही, ही गोष्ट वेगळी.

या रजेचा उपभोग संयोगिता अतिशय शिस्तीत घ्यायची. पहिल्या दिवशी झोपायची. दुसऱ्या दिवशी परत झोपायची. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर एखादी मालिका लावायची आणि ती बघता बघता झोपायची. बाहेर दत्तप्रसाद सकाळी कटवडा आणायचे, लीलाबाई दुपारची आमटी टाकायच्या, आणि ऋतुराज स्वतःचं ताट स्वतः उचलून सिंकपर्यंत न्यायचा. (सिंकपर्यंतच. पुढचा अभ्यासक्रम अजून जाहीर झालेला नाही.) इतक्या वर्षांत या व्यवस्थेनं घरातलं एकही माणूस दगावलं नाही, हे नोंद करण्यासारखं आहे.

पन्नाशी उलटली आणि अडचणीचं वेळापत्रक बिघडलं. एका महिन्यात ती दोनदा आली, तेव्हा दत्तप्रसादांनी ‘जादा रजा’ म्हणून नाक मुरडलं. मग उशिरा यायला लागली, मग येईनाशीच झाली. त्याऐवजी दुसऱ्याच गोष्टी आल्या. भर थंडीत संयोगिताला आतून भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. ती फ्रीज उघडून त्यात डोकं घालून उभी राहायची, आणि घरातले विचारायचे की नेमकं काय शोधतीयेस, दही खालच्या कप्प्यात आहे. झोप उडाली. गुडघे बोलायला लागले. एकदा मेथी निवडताना तिला कारण नसताना रडू आलं, तर ऋतुराजनं मोठ्या आपुलकीनं विचारलं की भाजीत कांदा आहे का.

अशा वयात बाईला रितेपण जाणवतं, असं पुरवण्यांतून छापून येतं. संयोगिताला रितं काही जाणवलं नाही. उलट सगळंच भरलेलं होतं, सिंक धरून.

गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि पाळी थांबली आहे, घाबरण्यासारखं काही नाही, असं सांगितलं. रोज चालायचं, गोळ्या घ्यायच्या, आणि मुख्य म्हणजे आता शरीराला विश्रांती द्यायची. सोबत एक माहितीपत्रक दिलं, त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात ‘रजोनिवृत्ती’ असं छापलेलं होतं.

दत्तप्रसादांनी तो शब्द जेवणाच्या टेबलावर दोनदा मोठ्यानं वाचला. आस्थापना शाखेत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसापुढे असा शब्द आला की तो त्याची फोड केल्याशिवाय राहत नाही. रजा अधिक निवृत्ती, बरोबर रजोनिवृत्ती. म्हणजे निवृत्त होते ती रजा, कर्मचारी नव्हे. (एखाद्या मराठीच्या मास्तरांनी हे ऐकलं असतं तर जागीच आडवे झाले असते, पण ते ऐकायला नव्हते, आणि मास्तरांच्या रजाही दत्तप्रसादच बघतात.) अडचणच नाही तर अडचणीची रजा कसली, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला आणि आमटीसाठी वाटी पुढं केली.

लीलाबाईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि आपल्याकडे बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्यात तेच म्हटलं, की सुटलीस गं बाई, आता मोकळी झालीस. संयोगितालाही पहिले चार दिवस ते खरं वाटलं. महिना सरत आला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण मोकळ्या झालो म्हणजे रोज मोकळ्या झालो. सणाला मोकळ्या, सांडग्यांना मोकळ्या, नणंद यायच्या दिवशी तर खासच मोकळ्या. तिला फार वाईट वाटलं. तारुण्य गेल्याचं दुःख तिनं एका वाटी दुधीच्या रसात गिळलं असतं. चटई गेल्याचं दुःख गिळता येईना.

गौरी-गणपती तोंडावर आले होते. या दिवसांत मेडिकलच्या दुकानात पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांना मोठी मागणी असते. संयोगितानं मेडिकलवाल्या बाळासोला खालच्या आवाजात विचारलं, की गेलेली परत आणायची गोळी मिळते का. बाळासो चांगला माणूस. त्यानं फळीवर वरपासून खालपर्यंत बघितलं.

“वैनी, समदी पुढं ढकलायलाच मागत्यात,” तो म्हणाला. “परत बलवायची कंपनीनं काढली न्हाय अजून.”

मग तिनं सरळ मार्ग धरला. रविवारी दुपारी ती हॉलमधल्या सोफ्यावर बसली आणि म्हणाली, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, मी ती घेते. कुणी हरकत घेतली नाही; इंगवल्यांचं घर त्या बाबतीत फार सुधारलेलं आहे. फक्त लीलाबाई म्हणाल्या, बसलीच आहेस तर एवढा लसूण सोल. दत्तप्रसाद म्हणाले, बसलीच आहेस तर बहिणीला फोन लावून कधी येणार विचार. ऋतुराज म्हणाला, आई, बसलीच आहेस तर चहा टाक. बसलेल्या बाईनं चहा कसा टाकायचा, हे त्याच्या परीक्षेत येत नसावं. संध्याकाळी ती सोफ्यावरून उठली, तेव्हा रोजच्यापेक्षा दीडपट दमली होती.

या प्रयोगातून जो सिद्धांत निघतो तो मी इथं नम्रपणे मांडतो: शुद्ध बाईला विश्रांती घेता येत नाही. सोफ्याभोवती भिंत नसते. चटईभोवती असते, आणि ती दिसत नसल्यामुळे कुणाला पाडताही येत नाही. (मी याबाबत अपार्टमेंटमध्ये पाहणी केली. तुमची बायको विश्रांती कधी घेते, या प्रश्नाला शंभर टक्के पुरुषांनी ‘ती घरीच असते’ असं उत्तर दिलं. हे उत्तर आहे का, या उपप्रश्नाला ऐंशी टक्क्यांनी ‘प्रश्न कळला नाही’ म्हटलं. उरलेल्या वीस टक्क्यांनी आत जाऊन बायकोला विचारून सांगतो म्हटलं.)

पुढच्याच आठवड्यात संयोगिता सकाळी उठली, ‘माझी अडचण आहे’ असं जाहीर केलं आणि गॅलरीलगतच्या खोलीत जाऊन झोपली. तिनं दत्तप्रसादांनाच बाळासोकडं पाठवून काळ्या पिशवीतला पुडा आणवला, म्हणजे कागदोपत्री काही उणं राहू नये. त्या महिन्यानंतर अडचण इतकी वेळेवर यायला लागली की तरुणपणीही तशी आली नव्हती. ती नणंदेच्या आदल्या दिवशी यायची. पापडाच्या पिठाबरोबर यायची. दत्तप्रसादांना खोटी रजा टाकणारी माणसं वासावरून कळतात. चौथ्या महिन्यात ते माहितीपत्रक हातात घेऊन खोलीच्या दाराशी उभे राहिले. आत जाता येत नव्हतं, कारण शिवाशिव.

पुढचं बोलणं मी जसंच्या तसं देतो. ते आमच्या घरातून वर गेलेल्या विश्वसनीय सूत्रांनी ऐकलेलं आहे.

“डॉक्टरांनी संपलं म्हणून लिहून दिलंय,” दत्तप्रसाद म्हणाले. “मग हे काय चाललंय?”

“डॉक्टरांनी विश्रांती घ्या म्हणूनबी लिहून दिलंय,” आतून संयोगिता म्हणाली. “ते वाचलं न्हाय व्हय?”

“मग घे की विश्रांती. कोण नको म्हणालंय? त्याला खोटं कशाला?”

“बरं. मग उठून बाहेर येते, आणि बाहेर सोफ्यावर झोपते. चालंल?”

दत्तप्रसादांनी प्रामाणिकपणे विचार केला. “आज नको,” ते म्हणाले. “आज पावणं येणारेत.”

दत्तप्रसादांनी आईला साक्षीला बोलावलं. बाईमाणसाची खरीखोटी अडचण बाईमाणसालाच कळणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते शास्त्राला धरून होतं. लीलाबाई हातातली पळी ओट्यावर ठेवून आल्या. त्यांनी मुलाकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. मग उंबरा ओलांडून सरळ आत गेल्या.

“सरक जरा,” त्या सुनेला म्हणाल्या. “माझीबी अडचण हाय.”

संयोगिता उठूनच बसली. “आत्ती, तुमची कसली अडचण? तुम्ही तर कवाच सुटलाय.”

“तीस वर्सं झाली सुटून,” लीलाबाई चटईवर पाय लांब करत म्हणाल्या. “लई कट्टाळा आलाय सुटून.” मग थोड्या हळू आवाजात त्या म्हणाल्या, “तुझं संपलंय ते मला पयल्या म्हैन्यापासनं ठाव हाय. मी कुणाला बोलली न्हाय. माझं संपलं तवा मला सुचलं न्हवतं गं.”

संयोगिता हसायला लागली आणि हसता हसता रडली. सासूनं तिला रडू दिलं, पंखा पाचवर केला, आणि दोघी पाठीला पाठ लावून झोपल्या. दत्तप्रसाद दारातच उभे राहिले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी येणाऱ्या अडचणीबद्दल कोणत्याही नियमात तरतूद नव्हती. आत जाऊन खातरजमा करावी तर शिवणार. शिवलं की स्वतःच बाहेर बसावं लागणार. आणि तिघं बाहेर बसल्यावर पाहुण्यांपुढं पोहे कोण ठेवणार? शेवटी ते त्यांनीच ठेवले. ते पोहे होते, असं पाहुण्यांना नंतर फोनवर सांगण्यात आलं.

इथवर हा एका घराचा प्रश्न होता. पण शिवाशिवीचा एक नियम आहे: शिवलं त्यालाही तेच लागू. आमच्या सौ. राजनंदिनी त्या सकाळी वाटीभर साखर मागायला वर गेल्या होत्या (वर उल्लेखलेली विश्वसनीय सूत्रं ती हीच). त्यांनी लीलाबाईंना पाया पडून नमस्कार केला. त्या लीलाबाईंच्या एरवी कधी पाया पडत नाहीत. शिवाशिव झाल्यामुळे नाइलाजानं त्यांना तिथंच बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या मोनावहिनी त्यांची चौकशी करायला गेल्या आणि निष्काळजीपणे त्यांच्या गळ्यात पडल्या. मग तिसऱ्या मजल्यावरच्या मैथिली मॅडम निघाल्या. त्या कॉलेजात शिकवतात, त्यांच्या घरी असलं काहीही पाळत नाहीत, आणि या अंधश्रद्धेविरुद्ध चार शब्द बोलण्यासाठीच त्या वर गेल्या. ते चार शब्द त्यांनी उंबऱ्यात उभं राहून उत्तम बोलले, असं कळतं. संयोगितानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की तुमच्या घरी त्या दिवसांत स्वयंपाक कोण करतं? मॅडम अभिमानानं म्हणाल्या, मीच, नेहमीसारखा. खोलीतल्या बायकांनी त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती मॅडमना सहन झाली नाही. त्यांनी चपला काढल्या.

सध्या वरची खोली भरलेली आहे आणि हॉलमध्येही चटया टाकल्यात. वरून हसण्याचे आवाज येतात, मधेच सगळं शांत होतं, तेव्हा झोपल्या असाव्यात. आम्ही पुरुषांनी जिन्यात तातडीची सभा घेतली. दत्तप्रसादांनी कुकरच्या किती शिट्ट्या, हा विषय पटलावर ठेवला. त्यावर मतभेद झाले.

वाचकहो, तुम्हाला हे वाचताना हसू येत असेल, कारण तुम्ही शिकलेले आहात. तुमच्या घरी शिवाशिव नाही, वेगळी चटई नाही, बाजूला बसणं नाही. तुमची बायको, आई, बहीण महिन्याचे सगळे दिवस सगळ्या गोष्टींना हात लावू शकते. तुमचं मनापासून अभिनंदन. म्हणजे तुमच्या घरी तिला एकही दिवस सुट्टी नाही. आता वाचून झालंच आहे, तर तो चहाचा रिकामा कप तिथंच राहू द्या. ती उचलेल.