बदामाची बाजू

सूरमास्तरांनी त्या आठवड्यात एकच छोटासा निर्णय घेतला: गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं नाही, खराखुरा माइक आणायचा. (सूरमास्तर हे नाव त्यांना विमा कंपनीच्या टपाल विभागातल्या मंडळींनी ठेवलं होतं. ते थट्टेनं ठेवलंय, हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.) गावातल्या गायनवृंदात एक जागा रिकामी झाली होती. ज्याला ती हवी त्यानं एक गाणं रेकॉर्ड करून रविवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचं होतं. लहानपणापासून चार लोकांसमोर उभं राहून गायची हौस मनातच राहिलेली. आता नाही तर कधीच नाही, असं त्यांना वाटत होतं. त्यामुळे त्यांचा पाय घरात ठरत नव्हता आणि ऑफिसात तर मुळीच नाही.

दुकानदारानं काउंटरवर माइक मांडले. "हा शर्टाला लावायचा, भाषण वगैरे असेल तर. हा डायनॅमिक. तोंडाजवळ धरा, हवं तेवढं मोठ्यानं गा. जवळचं ऐकतो, लांबचं कानाआड करतो. आणि हा कंडेन्सर. नाजूक काम आहे, पण बारीकसारीक सगळं टिपतो."

"हाच द्या. माझ्या आवाजात बारकावे फार आहेत."

"घरात कोण कोण असतं?"

"मी आणि बायको."

"मग डायनॅमिक घ्या, साहेब. कंडेन्सरमध्ये बारकावे येतात, पण ते सगळ्यांचेच येतात."

सूरमास्तर नुसते हसले. या बिचाऱ्यानं आपला गळा कुठे ऐकलाय!

रविवारी दुपारी माइक, स्टँड आणि कॉम्प्युटरला जोडायची एक डबी असा संसार बाहेरच्या खोलीत मांडला गेला. सूरमास्तर घसा फोडून गायले. पडद्यावरची रेघ हलली नाही.

"फसवलं! माइक मेलेला दिलाय!"

बायको हात पुसत बाहेर आली. "अहो, या डबीवर लाल बटण कसलं आहे?"

"ते नंतर लागतं."

तिनं ते दाबलं. रेघ टुणकन उडाली.

"कंडेन्सरला वीज द्यावी लागते," सूरमास्तर घाईघाईनं म्हणाले. "मला माहीतच होतं."

"मग मघापासून त्याला उपाशी का ठेवलं होतं?"

त्यावर त्यांनी पंखा बंद केला. मग फ्रिज बंद केला. टिकटिक नको म्हणून घड्याळातले सेल काढून खिशात टाकले आणि मोबाइल बंद करून कपाटात, स्वेटरांच्या खाली ठेवला. माइकच्या एका अंगाला कंपनीचं नाव होतं आणि दुसऱ्या अंगाला पत्त्यांतल्या बदामासारखं बारीक चिन्ह. नाव अर्थातच आपल्याकडे हवं. बदाम शोभेचा असणार, म्हणून तो स्वयंपाकघराकडे गेला. 'प' आणि 'फ' म्हणताना तोंडातला वारा माइकवर आदळू नये म्हणून मध्ये पातळ जाळी लावतात, असं त्यांनी वाचलं होतं. जाळी नव्हती, अंघोळीचा टॉवेल होता. पातळ जाळीनं थोडा वारा अडतो, तर चार घड्यांच्या टॉवेलनं सगळाच अडेल, या हिशोबानं तो लटकवला. कानांवर भलेमोठे हेडफोन चढवले. (ते फक्त रुबाबासाठी. त्यांची वायर खिशात, सेलांच्या सोबतीला होती.)

"तू आत बस. हूं की चूं नको."

"मटार सोलू का?"

"सोल, पण मनातल्या मनात."

पहिल्यांदा सुरुवात चुकली. मग ठसका लागला. मग खुर्ची करकरली म्हणून खुर्ची बदलली, मग उभं राहून पाहिलं, मग खिडकी लावली, घाम फुटल्यावर उघडली. पुन्हा गायले. अखेर एकदा गाणं शेवटपर्यंत पोहोचलं आणि सूरमास्तरांनी समाधानानं घड्याळाकडे पाहिलं. ते तीनवर थांबलेलं होतं. धावत जाऊन त्यांनी स्वेटर उपसले. मोबाइल सुरू झाला तेव्हा सहा वाजायला आले होते! ऐकून पाहायला वेळ कुठला? गाणं तसंच पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वृंदाच्या संचालिका बाईंचा फोन आला.

"अभिनंदन! काय सुरेल, मोकळा गळा आहे! कुठेही ओढाताण नाही."

सूरमास्तरांचे डोळे भरून आले. "सगळी आपली कृपा."

"त्यांना फोन देता का?"

"कोणाला?"

"ज्यांनी गायलंय त्या बाईंना. आणि एक सांगू? मागे लांबून कुणीतरी पुरुष ओरडत होता. शेजारी भांडण होतं का हो?"

दोघांनी मिळून रेकॉर्डिंग ऐकलं. मटार सोलता सोलता बायको गात होती. एकेक जागा स्वच्छ, शेंग फुटल्याचा आवाजसुद्धा गोड. आणि कुठून तरी, गोणीत कोंबल्यासारखे, सूरमास्तर.

"अगंबाई, मी गात होते?" ती चपापली. "महिनाभर तुमचं तेच चाललंय, बसलं असेल तोंडात. मी नाही जायची. जागा तुमची होती."

सूरमास्तरांना वाईट वाटलं, अगदी आतून वाईट वाटलं. ती छान गात होती, याचं तर जास्तच. "जा तू," ते म्हणाले आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागले.

बायको माइकच्या खोक्यातला कागद वाचत होती. "अहो, हा बदाम गाणाऱ्याकडे करायचा असतो! ती याची ऐकायची बाजू. तुम्ही त्याच्या पाठीशी गात होतात."

सूरमास्तर जागच्या जागी थांबले. "म्हणजे माझा आवाज बाईंनी ऐकलेलाच नाही!"

लगेच पंखा बंद, फ्रिज बंद. बदाम आपल्याकडे, टॉवेल न्हाणीघरात, बायको गच्चीवर. गाणं झालं. खाली आल्यावर ती म्हणाली, "आधी मला तरी ऐकवा." पण धीर कोणाला होता! त्यांनी ते बाईंना पाठवलं आणि खाली लिहिलं, 'काल माइक उलटा होता, शिवाय मध्ये जाड टॉवेल होता. आज सरळ ठेवून गायलो आहे. माझाही विचार व्हावा.'

उत्तर लगेच आलं. सूरमास्तर फ्रिज सुरू करत होते, म्हणून बायकोनं मोठ्यानं वाचलं.

'या वेळी शब्दन् शब्द ऐकू आला. कृपया माइक पुन्हा उलटा करावा. टॉवेलही असू द्यावा.'